पुणे ते कझान : एका रशियन ग्रँडमास्टरच्या स्पर्धा-कारकिर्दीची प्रस्तावना

बुद्धिबळपटूची कारकीर्द वर्ष, शहर आणि क्रमांक अशा तीन रकान्यांच्या यादीत मांडण्याची रीत सर्वत्र रुळलेली आहे आणि तिचा उपयोगही आहे. तथापि या यादीत खेळाडू कोणत्या पद्धतीच्या स्पर्धेत खेळला, समोर कोण होते, दोन नोंदींच्या मधल्या वर्षांत त्याने काय केले आणि हरल्यानंतर तो पुन्हा पटासमोर कसा बसला, यांपैकी कशाचाच पत्ता लागत नाही. रशियन ग्रँडमास्टर अलेक्सांद्रा गोर्याचकिना यांच्या कारकिर्दीचा परिचय मराठी वाचकांना करून देताना हीच मधली जागा भरून काढणे हा प्रस्तुत पुस्तकाचा मुख्य हेतू आहे. त्यासाठी याच खेळाडूची निवड करण्यामागे एक जवळचे कारण आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये विश्व कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धा पुण्यात भरली आणि मुलींच्या गटाचे जेतेपद गोर्याचकिना यांनी याच शहरात मिळवले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, २०१९ साली, रशियातील कझान येथे त्या जगज्जेतेपदाच्या आव्हानवीर ठरल्या. पुण्यात जे दिसले ते कझानमध्ये फळाला कसे आले, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

गोर्याचकिना यांचा जन्म २८ सप्टेंबर १९९८ रोजी ओरेनबुर्ग प्रांतातील ओर्स्क या शहरात झाला. त्या पिढीला सोव्हिएत बुद्धिबळाचा वारसा आयता मिळाला असला, तरी सोव्हिएत संघराज्य तिने पाहिलेले नव्हते. स्त्रियांच्या जगज्जेतेपदाचा इतिहास मॉस्कोत जन्मलेल्या वेरा मेन्चिक यांच्यापासून १९२७ साली सुरू होतो आणि १९५० पासून १९९१ पर्यंत हे पद सोव्हिएत खेळाडूंकडेच राहिले; त्यांत ल्युदमिला रुदेन्को, एलिझावेता बीकोवा आणि ओल्गा रुबत्सोवा यांच्यानंतर नोना गाप्रिन्दाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या दोन जॉर्जियन खेळाडूंनी मिळून जवळजवळ तीस वर्षे राज्य केले. १९९१ मध्ये चीनच्या शिए जुन यांनी ही परंपरा खंडित केली आणि तेव्हापासून या क्षेत्रात चीनचे वजन वाढत गेले. गोर्याचकिना यांच्या वाट्याला आलेला काळ असा होता की, घरात मोठी परंपरा होती, पण गादी दुसऱ्याकडे गेलेली होती. त्यांची जगज्जेतेपदाची लढत चिनी प्रतिस्पर्ध्याशी झाली, त्याचे कारण या पार्श्वभूमीत आहे.

वयोगटाच्या स्पर्धांमधील त्यांचे यश लवकर आणि सलग आले. २००८ साली व्हिएतनाममधील वुंग ताऊ येथे दहा वर्षांखालील मुलींच्या गटात त्या विश्वविजेत्या झाल्या. त्याच ठिकाणी, त्याच स्पर्धेत, नाशिकच्या विदित गुजराथी यांनी चौदा वर्षांखालील खुला गट जिंकला होता, ही नोंद मराठी वाचकाला विशेष वाटेल. पुढे २०११ मध्ये चौदा वर्षांखालील आणि २०१२ मध्ये थेट अठरा वर्षांखालील मुलींचे विश्वविजेतेपद गोर्याचकिना यांनी मिळवले. दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे, कारण चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या वयाच्या गटात निश्चित दिसणारे पदक बाजूला ठेवून चार वर्षांनी मोठ्या मुलींशी खेळायचे ठरवले होते. वयोगटाची स्पर्धा हे शिडीच्या पायरीपुरते उपयोगाचे साधन आहे, त्या पायरीवर घर बांधायचे नसते, ही जाण तेव्हापासूनच त्यांच्या वाटचालीत दिसते.

विश्व कनिष्ठ अजिंक्यपद ही वीस वर्षांखालील खेळाडूंची स्पर्धा होय. खुल्या गटात ती १९५१ पासून आणि मुलींच्या गटात १९८२ पासून भरते. खुल्या गटाच्या विजेत्यांत बोरिस स्पास्की, अनातोली कार्पोव, गॅरी कास्पारोव आणि विश्वनाथन आनंद अशी चार भावी जगज्जेत्यांची नावे आढळतात, त्यावरून या स्पर्धेचे स्थान लक्षात यावे. मुलींच्या गटात भारताच्या कोनेरू हम्पी यांनी २००१ मध्ये, द्रोणावल्ली हरिका यांनी २००८ मध्ये आणि पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनी २००९ मध्ये हे पद मिळवले होते. म्हणजे २०१४ साली ही स्पर्धा पुण्यात आली, तेव्हा या शहराला ती परकी नव्हती; पाच वर्षांपूर्वी अर्जेंटिनातील पुएर्तो माद्रिन येथून तोच मान पुण्याच्या मुलीने घरी आणला होता. गोर्याचकिना पुण्यात आल्या त्या गतविजेत्या म्हणून. २०१३ मध्ये तुर्कस्तानातील कोजाएली येथे त्यांनी हे पद प्रथम जिंकले होते आणि पुण्यातील स्पर्धेच्या आरंभी त्यांना सोळावे वर्ष पूर्ण होऊन काही दिवसच झाले होते.

पुण्यातील स्पर्धा तेरा फेऱ्यांची आणि स्विस पद्धतीची होती. स्विस पद्धतीत सर्वांना सर्वांशी खेळावे लागत नाही. फेऱ्यांची संख्या आधी ठरलेली असते आणि प्रत्येक फेरीत साधारणपणे सारखे गुण असलेल्या खेळाडूंची गाठ घातली जाते, त्यामुळे जिंकणाऱ्याला पुढे अधिकाधिक कठीण प्रतिस्पर्धी मिळत जातात. पुढच्या फेरीत कोण येणार हे आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नसल्याने दीर्घ तयारीला वाव कमी असतो आणि रोजच्या रोज नव्या माणसाची नवी शैली ओळखून खेळावे लागते. या पद्धतीत पद राखणे हे पद मिळवण्यापेक्षा कठीण असते, कारण गतविजेत्याविरुद्ध बरोबरी झाली तरी प्रतिस्पर्धी ती कमाई मानतो आणि त्याच हिशेबाने सावध खेळतो. अशा सावध प्रतिस्पर्ध्याला हरवायचे असेल, तर धाडसी बलिदानांपेक्षा चिवटपणा अधिक कामी येतो. लहानसा फायदा घेऊन डाव लांबवत नेणे, वजीर आणि हत्ती पटावरून गेल्यावरही शोध चालू ठेवणे आणि चार-पाच तासांनंतर समोरच्याची नजर ढळण्याची वाट पाहणे, ही गोर्याचकिना यांच्या खेळाची पुढे जगभर ओळख झालेली वैशिष्ट्ये आहेत. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना बहुतांशी वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सारून डाव सुरू करण्याची त्यांची पसंतीही याच प्रकृतीला धरून आहे, कारण त्या सुरुवातीतून निर्माण होणारी लढत सहसा सावकाश उलगडते.

पुण्यातील जेतेपदानंतरची पाच वर्षे बातमीच्या दृष्टीने शांत होती आणि अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत होती. कनिष्ठ गटातील विजेते पुढे मोठ्या स्पर्धांत मागे पडण्याचा अनुभव जगभर येतो. त्यामागे प्रतिभेची उणीव क्वचितच असते, पुष्कळदा तुल्यबळ वा वरचढ प्रतिस्पर्ध्यांशी नियमितपणे खेळायला न मिळणे हे कारण असते. गोर्याचकिना यांना ही संधी मायदेशातच मिळाली. रशियाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्याला सुपरफायनल म्हणतात. स्त्रियांच्या सुपरफायनलमध्ये बारा खेळाडू साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येकीने प्रत्येकीशी एकेक डाव खेळून, अकरा फेऱ्यांत निकाल लावतात. साखळी पद्धतीत प्रतिस्पर्धी आणि मोहऱ्यांचा रंग आधीच ठाऊक असल्याने प्रत्येक डावाची तयारी दोन्ही बाजूंनी होते, आणि दुबळ्या खेळाडूंच्या जोरावर गुण जमवण्याची सोय जवळजवळ नसते. अशा कस पाहणाऱ्या स्पर्धेत गोर्याचकिना यांनी २०१५ मध्ये, म्हणजे पुण्याच्या दुसऱ्याच वर्षी, चिता येथे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०१७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दुसरे आणि २०२० मध्ये तिसरे. त्यांच्या प्रगतीचे खरे इंजिन ही देशांतर्गत साखळी होती, आणि मराठी पालक व प्रशिक्षक यांनी या पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची ठरवली, तर ती ही असावी.

२०१८ मध्ये त्यांना ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. या शब्दाचा नेमका अर्थ येथे सांगणे आवश्यक आहे, कारण वृत्तपत्रांतून तो सैल वापरला जातो. जागतिक बुद्धिबळ महासंघ म्हणजे फिडे ही संस्था १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि १९५० पासून ती हा किताब अधिकृतपणे देते. तो मिळवण्यासाठी सामान्यतः खेळाडूचे गुणांकन कधी ना कधी २५०० पर्यंत पोचावे लागते आणि त्याखेरीज नॉर्म पूर्ण करावे लागतात; नॉर्म म्हणजे ग्रँडमास्टर व परदेशी खेळाडूंचा ठरावीक समावेश असलेल्या स्पर्धेत २६०० गुणांकनाच्या तोडीची कामगिरी, आणि असे नॉर्म मिळून किमान २७ डाव व्हावे लागतात. गुणांकनाची पद्धत अर्पाद एलो यांच्या नावाने ओळखली जाते. तीत प्रत्येक डावातील अपेक्षित निकाल दोघांच्या गुणांकनांतील फरकावरून काढला जातो आणि प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा सरस वा कमी ठरेल तसे गुण वाढतात किंवा घटतात. स्त्रियांसाठी महिला ग्रँडमास्टर हा वेगळा किताब असून त्याच्या अटी तुलनेने सौम्य आहेत. गोर्याचकिना यांनी मिळवलेला किताब पुरुष व स्त्रिया यांना सारख्याच अटींवर मिळणारा आहे. भारतात तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री कोनेरू हम्पी होत्या आणि त्यांनी २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो मिळवला.

यानंतर येते ती कझानची कँडिडेट्स स्पर्धा. जगज्जेत्याला आव्हान कोणी द्यायचे हे ठरवणारी ही स्पर्धा २०१९ मध्ये स्त्रियांसाठी आठ खेळाडूंच्या दुहेरी साखळी पद्धतीने खेळवली गेली, म्हणजे प्रत्येकीला प्रत्येकीशी एकदा पांढऱ्या व एकदा काळ्या मोहऱ्यांनी, असे एकूण चौदा डाव खेळावे लागले. विसावे वर्ष ओलांडून काही महिनेच झालेल्या गोर्याचकिना यांनी १४ पैकी ९.५ गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकापेक्षा दीड गुण पुढे राहून, ही स्पर्धा जिंकली आणि शेवटच्या फेऱ्या उरल्या असतानाच निकाल निश्चित करून टाकला. चीनच्या जू वेन्जुन यांच्याशी त्यांचा जगज्जेतेपदाचा सामना जानेवारी २०२० मध्ये अर्धा शांघायमध्ये व अर्धा व्लादिवोस्तोकमध्ये झाला. सामना ही तिसरीच पद्धत होय. तीत बारा डाव एकाच व्यक्तीशी खेळायचे असल्याने पटावरील चालींइतकेच समोरच्याच्या स्वभावाचे वाचन महत्त्वाचे ठरते. आठव्या डावातील विजयाने गोर्याचकिना यांनी आघाडी घेतली, नववा व दहावा असे लागोपाठ दोन डाव गमावून त्या मागे पडल्या, आणि शेवटचा, बारावा डाव जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही अशा स्थितीत तो जिंकून त्यांनी ६-६ अशी बरोबरी साधली. बरोबरी फोडण्यासाठी खेळलेल्या चार जलद डावांत जू वेन्जुन २.५-१.५ अशा सरस ठरल्या. यादीच्या रकान्यात या सामन्यापुढे 'पराभव' असा एकच शब्द लिहिला जाईल. मात्र जिंकायलाच हवा असलेला डाव ठरल्या दिवशी जिंकणे ही कामगिरी त्या एका शब्दात मावणारी नाही, म्हणून या सामन्याला पुस्तकात अधिक पाने दिलेली आहेत.

चौथी पद्धत बाद पद्धत. स्त्रियांच्या विश्वचषकात प्रत्येक फेरीत दोघींमध्ये दोन दीर्घ डाव होतात, बरोबरी राहिल्यास उत्तरोत्तर कमी वेळाचे टायब्रेक डाव खेळवले जातात आणि हरणारी घरी जाते. साखळी स्पर्धेत एका वाईट दिवसाची भरपाई दहा चांगल्या दिवसांनी होऊ शकते, येथे ती मुभा नाही. त्यामुळे चिवट आणि सावकाश खेळणाऱ्या खेळाडूला ही पद्धत प्रतिकूल समजली जाते. २०२१ मध्ये सोची येथे झालेल्या पहिल्याच विश्वचषकाच्या अंतिम लढतीत गोर्याचकिना आपल्याच देशाच्या अलेक्सांद्रा कोस्तेनियुक यांच्याकडून हरल्या. २०२३ मध्ये बाकू येथे त्या पुन्हा अंतिम लढतीत पोचल्या आणि बल्गेरियाच्या नुरग्युल सालिमोवा यांना टायब्रेकमध्ये नमवून त्यांनी विश्वचषक जिंकला. शांघाय-व्लादिवोस्तोकमध्ये जलद डावांनी जे हिरावून नेले, ते बाकूमध्ये जलद डावांनीच दिले. २०२४ च्या टोरंटो येथील कँडिडेट्स स्पर्धेत मात्र १४ पैकी ७ गुणांवर त्यांना थांबावे लागले. त्या काळात रशियन खेळाडूंना आपल्या राष्ट्रध्वजाऐवजी फिडेच्या ध्वजाखाली खेळावे लागत होते, आणि २०२३ मध्ये रशियाचा महासंघ आशियाई बुद्धिबळ महासंघात सामील झाला; त्यामुळे युरोपच्या खंडीय चौकटीत वाढलेली ही खेळाडू आता भारतीयांच्याच खंडात गणली जाते.

२०२१ साली उफा येथे झालेल्या रशियाच्या खुल्या अजिंक्यपदाच्या सुपरफायनलमध्ये गोर्याचकिना खेळल्या आणि तेथे खेळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या; त्याच वर्षी त्यांनी २६०० गुणांकनाचा टप्पाही ओलांडला. ही घटना मराठी वाचकाने एका जुन्या मराठी घटनेशेजारी ठेवून पाहावी असे सुचवावेसे वाटते. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर, तेव्हा अवघ्या तेरा वर्षांच्या, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या. त्यावरून वाद उसळला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर भगिनींनी स्त्रियांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा आरंभीचा काळ गाजवला, १९७४ चे पहिले पद वासंती यांचे होते, आणि त्यानंतर सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी पाच वेळा तो मान मिळवला. बलाढ्य परंपरेच्या देशातील खेळाडूने २०२१ मध्ये ज्या दालनात पाऊल ठेवले, त्याच प्रकारच्या दालनाचे दार एका मराठी शाळकरी मुलीने पंचेचाळीस वर्षे आधी ठोठावले होते. ते दार उघडल्यावर आत नियमित ये-जा करण्यासाठी लागणारी स्पर्धांची घट्ट वीण मात्र आपल्याकडे उशिरा तयार झाली, आणि म्हणूनच गोर्याचकिना यांच्या शांत पाच वर्षांचा अभ्यास आपल्याला उपयोगी आहे.

हा अभ्यास मुळशी तालुक्यातील मारुंजीसारख्या ठिकाणाहून मांडला जाण्यालाही अर्थ आहे. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या या गावाच्या शिवारात एका पिढीच्या आत उंच गृहसंकुले उभी राहिली, आणि नोकरीनिमित्त दूरदूरून आलेल्या कुटुंबांची मुले येथे वाढत आहेत. या मुलांना बुद्धिबळाची पहिली ओळख बहुधा पडद्यावर, तीन वा दहा मिनिटांच्या डावांतून होते. ती ओळख चांगली आहे, परंतु दीड तासाच्या घड्याळासमोर बसून, प्रत्येक चाल आपल्या हाताने नोंदवहीत लिहून, चार तासांनी बरोबरी स्वीकारून उठणे हा वेगळा अनुभव आहे आणि स्पर्धा-कारकीर्द त्या अनुभवावर उभी राहते. मुलगा वा मुलगी वयोगटात पहिली आली की पालकांचे लक्ष पुढच्या चषकाकडे जाते. चषकानंतरच्या पाच वर्षांत कोणाशी, किती आणि कोणत्या पद्धतीचे डाव खेळायला मिळणार आहेत, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे, आणि तो आज पुण्याच्या पश्चिम टोकाला जितका निकडीचा आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात आकार घेत आहे. २०२४ मध्ये गांधीनगर येथे विश्व कनिष्ठ स्पर्धेत मुलींचे जेतेपद नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी मिळवले. त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात त्या होत्या आणि त्या संघाचे कर्णधारपद पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्याकडे होते. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रँड प्रिक्स ही साखळी स्पर्धा भरली, हम्पी यांनी ती जिंकली आणि दिव्या तिसऱ्या आल्या. जुलैमध्ये बातुमी येथे हम्पी यांनाच टायब्रेकमध्ये नमवून दिव्या यांनी विश्वचषक जिंकला आणि त्या विजयासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. विश्व कनिष्ठ आणि विश्वचषक या दोन्ही विजेत्यांच्या याद्यांत आता गोर्याचकिना आणि दिव्या ही दोन्ही नावे आढळतात. एकीने हा प्रवास नऊ-दहा वर्षांत केला, दुसरीने जेमतेम एका वर्षात. दोन वाटांपैकी कोणती चांगली हे ठरवण्याची घाई करण्याचे कारण नाही, परंतु पहिली वाट नीट समजल्याखेरीज दुसरीचे पुढचे वळण ओळखता येणार नाही.

पुस्तकाच्या वाचनाविषयी अखेरची सूचना. यातील डाव केवळ डोळ्यांनी वाचू नयेत; पट मांडावा, मोहरी लावावीत आणि चाली हाताने खेळाव्यात. पुण्यातील डाव आधी, मग रशियाच्या सुपरफायनलमधील, मग कझानचे, आणि शेवटी जगज्जेतेपदाच्या सामन्यातील बारावा डाव, असा क्रम ठेवल्यास सोळा वर्षांच्या मुलीचा संयम एकविसाव्या वर्षी किती खोल गेला हे वाचकाच्या बोटांना जाणवेल, आणि विजेत्यांच्या यादीतील दोन ओळींच्या मधली कोरी जागा भरलेली दिसेल.

मारुंजी, ता. मुळशी, जि. पुणे